दुष्काळी कामे (1972–73)
महाराष्ट्रातील 1972 च्या दुष्काळात अन्न व रोजगार पुरवण्यासाठी शासनाने काढलेली मदतकामे. अजिंठा डोंगराच्या उत्तर पायथ्याचा सोयगाव परिसर ज्यात येतो, तो औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्हा तीव्र झळ बसलेल्यांपैकी होता. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामे निघाली; स्त्री-पुरुष दोघेही मजुरीवर येत. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांवर गेली. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक आहार, तर रेशनवर अमेरिकेतून आयात केलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला या कामांनी बळ दिले. तिचा कायदा 1977 मध्ये संमत झाला. पुढे 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला हीच योजना आधारभूत ठरली.