विनोदी मालिकांचे एकच गोत्र

'ये जो है जिंदगी', 'वागळे की दुनिया' आणि 'साराभाई वर्सेस साराभाई' या हिंदी दूरचित्रवाणीवरील तीन गाजलेल्या विनोदी मालिका. काळ वेगळा आणि विनोदाची जातही वेगळी. तरीही त्यांतील कलावंतांचा मागोवा घेतला, की धागे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे १९८३चा 'जाने भी दो यारो' हा चित्रपट.

दिग्दर्शक कुंदन शहा आणि अभिनेते सतीश शहा हे दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. चित्रपटात सतीश शहांनी साकारलेल्या डिमेलोचे प्रेत नसिरुद्दीन शहा आणि रवी बासवानी गावभर फिरवतात. पुढच्याच वर्षी कुंदन शहा 'ये जो है जिंदगी'च्या दिग्दर्शनात सहभागी झाले. शरद जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांच्या घरी सतीश शहा दर खेपेस नवे सोंग घेऊन येत.

१९८८मध्ये कुंदन शहांनी आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील वागळे पडद्यावर आणला. 'इप्टा'च्या रंगभूमीवर वावरणारे अंजन श्रीवास्तव वागळे झाले. गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या आणि मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री भारती आचरेकर त्यांच्या पत्नी झाल्या. एका भागात वागळेंना गाडीची धडक देणारा तरुण होता शाहरुख खान. त्याच शाहरुखला कुंदन शहांनी 'कभी हां कभी ना'चा (१९९४) नायक केले आणि त्याच्या वडिलांची भूमिका दिली ती अंजन श्रीवास्तव यांना!

दुसरा धागा पाठक भगिनींचा. दीना पाठक यांच्या कन्या रत्ना आणि सुप्रिया १९८५च्या 'इधर उधर'मध्ये एकत्र दिसल्या. पुढे सुप्रिया 'खिचडी'तील (२००२) हंसा झाल्या, तर रत्ना 'साराभाई'तील (२००४) माया. दोन्ही मालिकांमागे जे. डी. मजेठिया आणि आतिश कपाडिया ही एकच जोडी होती. मायाचा पती इंद्रवदन रंगवला सतीश शहांनी. म्हणजे नसिरुद्दीन यांनी ज्याचे प्रेत ओढत नेले, तोच वीस वर्षांनी त्यांच्या पत्नीचा पडद्यावरचा नवरा झाला.

इंद्रवदनचा थोरला मुलगा साहिल म्हणजे सुमीत राघवन. मजेठिया यांनी २०२१मध्ये 'वागळे की दुनिया' नव्याने आणली, तेव्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आपल्या मूळ भूमिकांत परतले आणि त्यांचा मुलगा राजेश झाला तो सुमीतच. त्याचे पडद्यावरचे हे दोन्ही वडील कुंदन शहांच्या मालिकांतून घराघरांत पोहोचलेले.

या योगायोगांमागे कारण आहे. पुण्याची संस्था, मुंबईची प्रायोगिक रंगभूमी आणि समांतर चित्रपट यांतून घडलेले हे वर्तुळ लहान होते. परस्परांच्या विनोदाची लय ठाऊक असल्याने ही माणसे पुन्हा पुन्हा एकत्र आली. शफी इनामदार १९९६मध्ये, कुंदन शहा २०१७मध्ये आणि सतीश शहा ऑक्टोबर २०२५मध्ये गेले. वर्तुळ विरळ होत असले, तरी त्या विनोदाचा वारसा पुढच्या पिढीच्या हाती पोहोचला आहे.