बर्टनचें सांडपाणी

एखाद्या धंद्याचा इतिहास सांगतांना त्याचा माल कोठें कोठें गेला हें आपण आवडीनें सांगतों. त्या मालामागून वाहिलेलें पाणी कोठें गेलें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. इंग्लंडांत ट्रेंट नदीच्या कांठीं बर्टन नांवाचा गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत त्याची बिअर मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांच्या मेजापर्यंत पोंचली. आज तेथील सांडपाण्याची हकीकत सांगावयाची आहे.

बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्सम हा क्षार विपुल असतो आणि त्यामुळें बिअर स्वच्छ व रुचकर उतरते. १७७७ मध्यें विल्यम बॅस यानें तेथें कारखाना घातला. १८३९ मध्यें आगगाडी आली आणि पुढें सारा गांव कारखान्यांनीं भरून गेला. पिंपें, हौद व कढया धुण्यास बिअरच्या कित्येक पट पाणी लागे. त्यांत जवांच्या चोथ्याचे कण, यीस्टचा गाळ, साखर आणि सांडलेली बिअर मिसळलेली असे. यांत विषारी असें फारसें कांहीं नव्हतें; बहुतेक सारें अन्नच होतें, आणि संकट नेमकें त्यामुळेंच ओढवलें.

मोरींत पेज तुंबून राहिली कीं दुसऱ्या दिवशीं काय दुर्गंधि सुटते, हें गृहिणींना सांगावयास नको. नदींतील सूक्ष्म जंतु अशा अन्नावर तुटून पडतात व पाण्यांत विरघळलेला प्राणवायु संपवून टाकतात; मग मासे गुदमरून मरतात. हवा संपली कीं दुसऱ्या जातीचे जंतु माजतात आणि जिपसमांतील गंधकापासून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायु करितात. ज्या क्षारानें बर्टनला कीर्ति दिली, त्यानेंच त्याच्या गटारांना दुर्गंधि दिली.

१८७६ मध्यें इंग्लंडांत नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. १८८५ मध्यें गांवाबाहेर क्लेमिल्स येथें वाफेचीं चार प्रचंड एंजिनें बसविण्यांत आलीं. तीं सांडपाणी उचलून सुमारें अडीच मैलांवरील एगिंटनच्या शेतांवर नेऊन सोडीत. हें काम १९७१ पर्यंत चाललें. एंजिनें पाहून लोक थक्क होत. परंतु त्यांनीं घाण केवळ हलविली. ती शुद्ध केली मातींतील हवेनें व जंतूंनीं, आणि मातीला विसांवा मिळाला तरच तिच्यानें तें होतें.

हें काम मोजावें कसें? १८९८ मध्यें नेमलेल्या रॉयल कमिशननें १९१२ च्या अहवालांत त्याचें माप दिलें. पांच दिवसांत पाणी किती प्राणवायु खातें तें पाहावें. नदींत सोडावयाच्या पाण्यांत तें मान दहा लक्ष भागांस २० भागांहून अधिक नसावें. घरगुती सांडपाण्यांत तें सुमारें ३०० असतें, बिअरच्या कारखान्यांतील पाण्यांत पुष्कळदां २,००० च्या वर जातें, आणि खुद्द बिअरचें एक लक्षाच्या आसपास असतें. म्हणजे एक लिटर बिअर मोरींत ओतणें हें घरगुती सांडपाण्याचे तीनशेंहून अधिक लिटर ओतण्यासारखें आहे!

लहान कारखानदाराला यांतून सरळ धडा मिळतो. चोथा व यीस्ट पाण्यानें धुवून न घालवितां आधीं कोरडेच काढून गुरांना घालावे. एके दिवशीं धुण्याचा तीव्र क्षार, तर दुसऱ्या दिवशीं आंबट गाळ, असें पाणी एकदम न सोडतां हौदांत साठवून, मिसळून, सावकाश सोडावें. मग जंतूंना त्यांचें काम करण्यास अवसर मिळतो.

जंतूंच्या या कामाचा एक जुना दाखला मुंबईचाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत मैल्याच्या बंद टाकींतून निघणारा जळाऊ वायु धरून वापरण्यांत आला. १९७० नंतर हॉलंडांत लेटिंगा यांनीं बंद टाकीची सुधारलेली रचना सिद्ध केली. आज अनेक बिअर-कारखाने तशाच टाक्यांतून आपल्या सांडपाण्यापासून इंधन मिळवितात.

आतां पुण्या-मुंबईंतही लहान बिअर-कारखाने निघाले आहेत. बिअर कोणी प्यावी वा न प्यावी, हा वाद निराळा. पण मुळा-मुठेच्या खालच्या अंगास राहणाऱ्यांना तें पाणी टाळतां येत नाहीं. म्हणून परवाना देतांना मालाची प्रत पाहावी, तशीच मोरीच्या तोंडचीही पाहावी.