जाताना सायकल, येताना पॅसेंजर

विषय ऐकून काहींना वाटेल, यात इतिहास कुठला? पहाटे अमरावतीहून सायकलवर निघायचं, शंभरेक किलोमीटर तोडून अकोला गाठायचं आणि संध्याकाळी गाडीत बसून परत यायचं. रविवारची हौस झाली ही. पण हिशेब बघा. येणंही सायकलवरच असेल, तर दिवसभराच्या ताकदीच्या निम्म्यावरूनच मागं फिरावं लागतं. परतीला गाडी असली की पल्ला दुप्पट होतो. म्हणजे माणूस किती लांब जाणार हे पायांइतकंच रेल्वेच्या वेळापत्रकावर ठरतं. आणि वऱ्हाडात रेल्वे माणसांसाठी आलीच नव्हती. ती आली कापसासाठी.

1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरवाल्यांचं लक्ष इकडं वळलं. 1867 पर्यंत जीआयपी रेल्वे भुसावळहून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली होती. गंमत अशी की, कापसाच्या मोठ्या बाजारपेठाच मुख्य मार्गावर नव्हत्या. अमरावती सुटली, गाडी बडनेऱ्यावरून गेली. खामगाव सुटलं, गाडी जलंबवरून गेली. मग छोटे फाटे टाकावे लागले. खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! कापसाची किंमत यावरून समजा.

या मार्गाचा सायकलवाल्याला फायदा काय? अकोला, बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरूम, बडनेरा. महामार्ग आणि रूळ एकमेकांपासून फार लांब जात नाहीत. चाक पंक्चर झालं, ऊन चढलं, पाय बोलायला लागले, तर पुढचं स्टेशन गाठायचं. आता कुठून कुठं जायचं? अमरावती अकोल्यापेक्षा साठेक मीटर उंच आहे, म्हणून अमरावतीहून निघणं सोपं, असं नकाशा सांगतो. नकाशाचं ऐकू नका. शंभर किलोमीटरमध्ये साठ मीटर उतार म्हणजे काहीच नाही, खरा मालक वारा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, तेव्हा अकोल्याहून निघावं आणि बडनेऱ्याला गाडी धरावी. हिवाळ्यात उलटं केलं तरी चालतं.

सायकल गाडीत घालायची म्हणजे पार्सल ऑफिसात बुकिंग करायचं, पावती घ्यायची आणि ती गार्डाजवळच्या सामानाच्या डब्यात चढवायची. लहान स्टेशनांवर ही सोय नसते. जुन्या पॅसेंजरला तो डबा असायचा, मेमूला तसा नसतो. मार्च 2020 मध्ये पॅसेंजर गाड्या थांबल्या, नंतर ‘स्पेशल’ म्हणून परतल्या तेव्हा तिकीट एक्सप्रेसचं लागायचं. 2024 मध्ये ते पुन्हा उतरलं. रस्त्याचं मात्र नशीब उघडलं. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता असा झाला आणि परतीची गाडी तशी.

आता शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर 76, आणि सगळा नॅरोगेज. किलिक-निक्सनच्या कंपनीनं तो टाकला, अर्थात कापसासाठी. ही पेढी मुंबईची, त्यामुळे ‘आजही लंडनला भाडं जातं’ ही व्हॉट्सअॅपवरची गोष्ट जरा जपूनच पुढं पाठवा. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिथं 1994 पर्यंत धावलं. पूर्ण मार्गाला वीसेक तास लागायचे. भागाकार करा, ताशी साडेनऊ किलोमीटर. दुधाचे कॅन लावलेली सायकलसुद्धा तिच्या पुढं गेली असती! पण ती होती तेव्हा अमरावतीहून वलगाव, आसेगावमार्गे अचलपूर, तिथून शकुंतलेनं मूर्तिजापूर आणि मुख्य मार्गानं बडनेरा, असा त्रिकोण पुरा होत होता. गेल्या दशकात ती थांबली. अचलपूरला सायकलवर गेलेल्यानं आता सायकलवरच परतायचं, नाहीतर एसटीच्या टपावर सायकल बांधू द्या म्हणून कंडक्टरची मनधरणी करायची.

हे फक्त हौशी लोकांचं दुखणं नाही. सायकल स्टेशनवर लावून रोज कॉलेजला किंवा बाजाराला जाणाऱ्या माणसाचं जगही तेवढंच आखडतं. त्याला त्याचा त्रिकोण काढायला कोणी व्याख्यानाला बोलावत नाही, एवढंच.

अकोल्याच्या उत्तरेला अजून एक वाट होती, खंडव्याची मीटरगेज. मेळघाटातून सातपुडा चढायची, धुळघाटजवळ तर रूळ स्वतःवरूनच वळसा घेत वर जायचे. जानेवारी 2017 मध्ये ती बंद झाली. रुंदीकरण वाघांच्या जंगलातून करायचं की बाहेरून, यावर वाद झाला. माझं मत विचाराल तर बाहेरूनच, मग माझी सहल बुडाली तरी चालेल. नोव्हेंबर 2022 पासून अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी सुरू आहे. म्हणजे अकोल्याहून अकोटपर्यंत, पंचेचाळीसेक किलोमीटर, एकेरी जाता येतं. अकोटच्या पुढं हिवरखेड, मग वान रोड, मग डोंगर. तिकडं रस्ता आहे, गाडी नाही. त्यामुळे जो निघेल त्यानं सकाळीच ठरवायचं, कुठून मागं फिरायचं ते.