पोलिसांचा वायरलेस आणि नागरिकांचा कान

अमेरिकेत एकेका शहराचे पोलिस आपला वायरलेस कूटबद्ध करत चालले आहेत. डेन्व्हरने ते २०१९ मध्ये केले. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली आणि त्या शहराच्या नव्या रेडिओ यंत्रणेचा खर्च सुमारे ३९ कोटी डॉलर सांगितला जातो. या बदलाची बाजू मांडणारे बहुधा असे सुचवतात की, सामान्य माणसाला पोलिसांचे बोलणे ऐकू येत होते ही जुन्या तंत्रातली एक गळती होती, हौशी मंडळींनी तिचा फायदा घेतला आणि आता ती बुजवली इतकेच. हा दावा खरा मानला तर पुढे वाद घालण्यासारखे काही उरत नाही. पण शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. ऐकण्याची मुभा त्या यंत्रणेच्या जन्मापासून होती, कायद्याने ती समजून-उमजून राखली, आणि स्कॅनरमध्ये, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी आळीपाळीने तपासणाऱ्या रेडिओत, आपल्या गावच्या फ्रिक्वेन्सी भरण्याची खटपट करणाऱ्या लोकांनी ती जिवंत ठेवली.

सुरुवात डेट्रॉइटची. ७ एप्रिल १९२८ रोजी तिथल्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना नियमित बिनतारी संदेश द्यायला प्रारंभ केला. त्याआधी सात वर्षे पोलिस आयुक्त विल्यम रटलेज यांच्या देखरेखीखाली प्रयोग चालले होते. प्रयोगांच्या काळात पोलिसांच्या केंद्राला परवाना मिळाला तो मनोरंजनाच्या केंद्राचा, कारण पोलिसांसाठी वेगळी सोय तेव्हा सरकारी नियमांत नव्हतीच. त्यामुळे चोरीला गेलेल्या मोटारींचे वर्णन आणि संगीत एकाच केंद्रावरून ऐकू येई. गाडीतल्या शिपायाला फक्त ऐकता येत होते, उलट बोलता येत नव्हते. जे त्याला ऐकू येई तेच शेजारच्या घरातल्या संचावरही ऐकू येई. पुढे पोलिसांना स्वतंत्र जागा मिळाली तीही नेहमीच्या प्रसारणपट्ट्याच्या अगदी लगत, १७०० किलोहर्ट्झच्या आसपास. तिसाच्या दशकातल्या अनेक अमेरिकन घरगुती रेडिओंच्या तबकडीवर त्या ठिकाणी चक्क ‘पोलिस’ असे छापलेले असे आणि ते त्या संचाचे एक आकर्षण म्हणून विकले जाई. गळती असती तर कारखानदाराने ती तबकडीवर छापली नसती.

गुन्हेगारही ऐकतील ही शंका तेव्हाच निघाली होती आणि तिला दिलेले उत्तर लक्षात घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्कसह काही राज्यांनी मोटारीत पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा संच बाळगण्यावर बंदी घातली. घरातल्या ऐकण्याला मात्र हात लावला नाही. म्हणजे कायद्याने पळून जाणाऱ्याची गाडी आणि नागरिकाचे घर यांत स्पष्ट फरक केला. वीजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराला १९३८ मध्ये गाडीत असा संच ठेवण्याची परवानगी मिळाली, आणि रात्रीच्या शहराची त्याची प्रसिद्ध छायाचित्रे त्या संचामुळे शक्य झाली. आग लागलेली इमारत, फुटपाथवरचे प्रेत, भोवती जमलेल्या लोकांचे चेहरे हे सगळे त्याला बंदोबस्त लागण्याच्या आत टिपता आले.

दरम्यान पोलिसांचे तंत्रही बदलत होते. न्यू जर्सीतल्या बेयॉनमध्ये १९३३ साली दुतर्फा संभाषण सुरू झाले. १९४० मध्ये कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांनी एफएम पद्धत आणली. हळूहळू पोलिस वरच्या पट्ट्यांत गेले आणि घरचा रेडिओ निकामी ठरला. इथून ऐकण्याला कष्ट पडू लागले. साठ-सत्तरच्या दशकांतल्या स्कॅनरमध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा क्वार्ट्झ स्फटिक लागे. दोन पिनांची, पत्र्याची छोटीशी डबी, तीवर आकडा कोरलेला. तीही मागवताना आपल्या यंत्राचे मॉडेल सांगावे लागे, कारण एकाच फ्रिक्वेन्सीसाठी एका संचाला चालणारा स्फटिक दुसऱ्याला चालेलच असे नसे. संचात आठ-दहा खाचा. दर्शनी बाजूला लाल दिवे एकामागून एक लागत जात आणि कुठे आवाज आला की तो दिवा तिथेच थांबे. पोलिसांनी चॅनल बदलला की पैसे घालून घेतलेला स्फटिक फुकट गेला. मग स्फटिकांशिवाय चालणारे संच निघाले. रीजन्सी कंपनीच्या एका संचात कंगव्यासारख्या पट्ट्या असत, हव्या त्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे त्यांचे दाते मोडायचे. बेअरकॅट १०१ या संचावर सोळा खटके होते. पुस्तिकेत आपली फ्रिक्वेन्सी शोधायची, तिच्यासमोरच्या संकेताप्रमाणे खटके खाली-वर करायचे आणि ती साठवायची. सत्तरचे दशक संपता संपता आकड्यांचा कळफलक आला तेव्हा कुठे हे काम सोपे झाले.

हे आकडे लोकांना कुठून मिळत, हा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ते सरकारी दप्तरातून मिळत. प्रत्येक पोलिस खात्याला केंद्रीय दूरसंचार आयोगाकडून फ्रिक्वेन्सीचा परवाना घ्यावा लागे आणि त्या परवान्यांची नोंद सार्वजनिक होती. साठच्या दशकापासून ‘पोलिस कॉल’ नावाची निर्देशिका त्या नोंदींच्या आधारे छापली जात होती. रेडिओ शॅकच्या दुकानांत ती वर्षानुवर्षे मिळत राहिली आणि २००५ मध्ये तिची शेवटची आवृत्ती निघाली. पण निर्देशिकेत आकडा असला तरी त्या चॅनलवर नेमके काय चालते हे त्यात नसे. कुठल्यावर वाहतूक, कुठल्यावर गुप्तहेर शाखा, कुठल्यावर अग्निशमन दल, आपल्या शहरात कोणत्या संकेतांकाचा अर्थ काय, हे महिनोन्महिने ऐकूनच कळे. ती माहिती लोक वह्यांत टिपत आणि एकमेकांना देत. स्कॅनर भरणे म्हणजे आपल्या गावची व्यवस्था कशी चालते याचा अभ्यासच होता, आणि ज्याने तो केला त्याला नगरपालिकेच्या अहवालात न सापडणाऱ्या अनेक गोष्टी ठाऊक असत.

अमेरिकेच्या संसदेने या सगळ्याकडे दुर्लक्ष केले होते असेही नाही. १९८६च्या इलेक्ट्रॉनिक संदेश-गोपनीयता कायद्याने मोबाइलवरचे खासगी बोलणे चोरून ऐकणे गुन्हा ठरवले. पुढे १९९४ पासून मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी पकडणारे स्कॅनर बनवण्यावर आणि आयात करण्यावरही बंदी आली. त्याच १९८६च्या कायद्याने पोलिस, अग्निशमन व इतर सार्वजनिक सुरक्षा यंत्रणांचे संदेश मात्र, ते जनतेला सहज उपलब्ध असतील तर, ऐकायला स्पष्ट मोकळीक दिली. दोन नागरिकांचे बोलणे त्यांचे स्वतःचे आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या खात्याचे कामकाजाचे बोलणे वेगळे, हा विचार त्यामागे उघड दिसतो. आपल्याकडची सुरुवात अगदी उलट टोकाची. १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणेच बेकायदा ठरवले. साध्या रेडिओसाठीही पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरल्याचे जुन्या पिढीला आठवत असेल. म्हणूनच अमेरिकन कायद्यातली ही मोकळीक किती मोठी होती हे आपल्याला अधिक लवकर जाणवावे.

त्या कायद्यात एक मेख मात्र होती. कूटबद्ध केलेला संदेश ‘सहज उपलब्ध’ मानला जात नाही. दार उघडे ठेवायचे की बंद करायचे हे त्यामुळे यंत्र विकत घेणाऱ्या खात्याच्या हाती राहिले. त्याआधीचे सगळे अडथळे कष्टाने ओलांडता आले होते. मोजके चॅनल अनेक खात्यांत वाटणारी ट्रंकिंग पद्धत आली. तीत प्रत्येक बोलण्याला संगणक मोकळा चॅनल देतो, त्यामुळे जुन्या स्कॅनरवर पोलिसांचे अर्धे वाक्य येई आणि पाठोपाठ दुसऱ्याच खात्याचे बोलणे. १९९७ मध्ये युनिडेन कंपनीने ट्रंकिंगचा माग काढणारा संच काढला. डिजिटल पद्धत आली, तीही काही वर्षांत उलगडली. २०१० मध्ये तर नुसता पिनकोड घातला की स्थानिक फ्रिक्वेन्सी आपोआप भरणारा संच बाजारात आला. कूटबद्धतेपुढे मात्र अभ्यास, पैसा, चिकाटी यांतले काहीच चालत नाही. आधीच्या बदलांच्या मालिकेतले हे पुढचे पाऊल मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

विरोधी बाजूचे मुद्दे पोकळ नाहीत. १९ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनमध्ये बॉम्बस्फोटातल्या संशयितांचा शोध चालू असताना हजारो लोक इंटरनेटवरून स्कॅनर ऐकत होते. पोलिसांना आपल्या जागा जाहीर करू नका अशी विनंती करावी लागली, आणि स्कॅनरवर ऐकल्याच्या हवाल्याने एका निरपराध तरुणाचे नाव सर्वत्र पसरले. त्याच्या कुटुंबाने जे सोसले ते कोणत्याही तत्त्वाने भरून येणारे नाही. तरीही यावरून निघते ते एवढेच की, सशस्त्र कारवाईचा चॅनल बंद असावा. तसा वेगळा चॅनल ठेवता येतो, आणि रोजच्या गस्तीचे बोलणे त्यात ओढायचे कारण नाही. खासगीपणाचा आक्षेप मला याहून वजनदार वाटतो. पीडितेचे नाव, पत्ता, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक रेडिओवर उच्चारला जातो, आणि तो कोणाच्याही कानी पडू नये हे योग्यच. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२० मध्ये पोलिस खात्यांना हेच बजावले. पण त्या सूचनेने दोन वाटा दिल्या होत्या: रेडिओ कूटबद्ध करा, किंवा अशी माहिती रेडिओवर बोलली जाणार नाही असे धोरण आखा. त्याच राज्यातल्या पालो आल्टो शहराने जानेवारी २०२१ मध्ये पहिली वाट धरली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती सोडून नेहमीचा चॅनल पुन्हा खुला केला. खासगी तपशील फोनवरून किंवा इतर मार्गांनी कळवायचे ठरले.

बातमीदारांना अहवाल मिळतात, अंगावरच्या कॅमेऱ्यांची चित्रफीत मागता येते, मग थेट ऐकायचे कशाला, असेही विचारले जाते. अहवाल घटनेनंतर लिहिला जातो, आणि तो लिहिणारा त्याच खात्यातला असतो. चित्रफीत मिळायची तर आधी घटना घडल्याचे कळावे लागते. शिकागोने अर्ध्या तासाच्या उशिराने बोलणे ऐकवण्याची सोय ठेवली आहे. पूर्ण बंदीपेक्षा ती बरी, पण अर्ध्या तासात जखमी हलवले जातात, साक्षीदार पांगतात, रस्ता धुतला जातो, आणि बातमीदाराच्या हाती उरते ते पोलिसांचे निवेदन. कूटबद्धतेचा निर्णय अनेक ठिकाणी नव्या रेडिओंच्या खरेदीसोबतच होऊन जातो. कोणता चॅनल बंद, कोणता खुला आणि का, हे नगर परिषदेपुढे, खुल्या सभेत, मतदानाने ठरायला हवे, आणि ते यंत्रांची मागणी नोंदवण्याआधी.