डॉन बॉस्कोंची चौथी सही

८ फेब्रुवारी १८५२. पिडमाँट राज्याची राजधानी तुरिन. एका करारावर चार सह्या झाल्या. पहिली जुझेप्पे बेर्तोलिनो या सुताराची. दुसरी त्याच्याकडे काम शिकायला आलेल्या जुझेप्पे ओदास्सोची. तिसरी मुलाच्या वडिलांची, जामीन म्हणून. आणि चौथी एका पाद्रीची, जोव्हान्नी बॉस्को यांची.

इटलीत पाद्रीच्या नावाआधी आदरानं ‘डॉन’ लावतात, म्हणून हे डॉन बॉस्को. माटुंग्याच्या शाळेमुळे मुंबईकरांना नाव ओळखीचं असतं. पण सुताराच्या करारावर पाद्री सही का करतो?

बॉस्को १८१५ साली तुरिनजवळच्या एका वाडीत, शेतकऱ्याच्या घरी जन्मले. दोन वर्षांचे व्हायच्या आत वडील गेले. आई मार्गारीतानं घर सांभाळलं. पोरवयात त्यांनी दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून काम केलं. पुढे शिक्षणासाठी शिवणकाम केलं, कॅफेतही राबले. दुसऱ्याच्या हाताखाली वाढणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१८४१ मध्ये पाद्री होऊन ते तुरिनला आले. शहर वाढत होतं. खेड्यापाड्यांतून पोरं गवंडीकामाला, कारखान्यांत येत होती. तुरुंगात गेल्यावर त्यांना कोवळी मुलं गजांआड दिसली. सुटलेली मुलं पुन्हा तिथेच परतत, कारण बाहेर त्यांचं कुणीच नव्हतं. आत पोचण्याआधीच त्यांना गाठायला हवं, असं बॉस्कोंनी ठरवलं.

रविवारी ते या पोरांना जमवू लागले. खेळ, प्रार्थना, थोडं लिहिणं-वाचणं. गलक्यामुळे जागा सोडाव्या लागल्या. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक शेड मिळाली. त्याच वर्षी आईही गाव सोडून पोरांसाठी तिथे आली.

पण रविवार संपला की सोमवारी पोरगं मालकाच्या ताब्यात. कारागिरांचे जुने संघ १८४४ मध्ये बरखास्त झाले होते. मालकाला विचारणारं कोण? म्हणून बॉस्को करार घेऊन पुढे आले.

ओदास्सोच्या करारात मालकानं कबूल केलं: मुलाला सुतारकाम शिकवीन, धंद्याबाहेरची कामं सांगणार नाही. चुकला तर शब्दांनी समज देईन, हात उगारणार नाही. सणाच्या दिवशी सुट्टी, वर्षातून पंधरा दिवस रजा. मजुरी पहिले सहा महिने रोज ३० सेंतेसिमी, पुढचे सहा महिने ४०, दुसऱ्या वर्षी ६०.

ही काही बंडखोरी नव्हती. आज्ञाधारक राहायचं, नीट काम करायचं, हे मुलानंही लिहून दिलं होतं. बॉस्कोंना मालकशाही उलथायची नव्हती. पण उमेदवारी म्हणजे फुकटचा गडी नव्हे, हे त्यांनी कागदावर आणलं. १८५३ पासून त्यांनी स्वतःच कार्यशाळा काढल्या: आधी चांभारकाम आणि शिवणकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई. त्यांचा सेलेशियन संघ १८५९ मध्ये स्थापन झाला.

३१ जानेवारी १८८८ रोजी ते वारले. १९३४ मध्ये चर्चनं त्यांना संत घोषित केलं. संतांच्या गोष्टीत चमत्कार शोधले जातात, आणि बॉस्कोंच्याही आख्यायिका पुष्कळ आहेत. पण ‘अनुभव मिळतोय ना’ असं ऐकून बिनपगारी इंटर्नशिप करणाऱ्याला त्यांची ओळख करून द्यायची असेल, तर तो करार पुरेसा आहे. त्यात रजा लिहिली होती, मजुरी लिहिली होती, आणि मुलाच्या बाजूनं सही करायला एक माणूस उभा होता.