रिवेटचं भोक
आमच्या नांदगावच्या घरात ‘रिवेट’ हा शब्द मी शाळेत जाण्याआधीच शिकले. आजोबा रोज पॅसेंजरने मनमाडला जात, रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनतात त्या कारखान्यात. लालबुंद तापवलेला रिवेट भोकात घालून डोकं ठोकायचं. निवताना तो आक्रसतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो.

काका ओझरच्या विमान कारखान्यात लागले. १९६२ साली सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला आणि १९६४ मध्ये ओझरचा कारखाना सुरू झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी होती. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. आमच्या भागातली जुनी माणसं कारखान्याचं श्रेय आजही त्यांनाच देतात.

विमानाचा अॅल्युमिनियमचा रिवेट थंडच ठोकतात. एकाच्या हातात हवेची गन, दुसरा पलीकडून पोलादी ठोकळा दाबून उभा. त्या दणदणाटात बोलणं ऐकू येत नसे, पत्र्यावरच्या टिचक्यांनी इशारे चालत. काका प्रत्येक भोकाच्या कडेवर बोट फिरवत. कड खरबरीत राहिली, तर उड्डाणागणिक ताण तिथेच साचतो आणि बारीक तडा पुढे सरकतो. धातूच्या थकव्याबद्दल मी पुढे पुस्तकांत जे वाचलं, ते त्या बोटाला आधीच ठाऊक होतं.

मी कार्बन तंतूंवर काम करते. राळेत भिजवलेलं काळं कापड उणे १८ अंशांत ठेवायचं, दिशा बदलत थरावर थर रचायचे, मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजायचं. तेजस या लढाऊ विमानाच्या सांगाड्याचं सुमारे ४५ टक्के वजन अशा संमिश्रांचं आहे. इथे भोक पाडणं म्हणजे भार वाहणारे तंतूच कापणं. शिवाय अॅल्युमिनियमचा रिवेट कार्बनला टेकला की ओलाव्यात गंजून झिजतो, म्हणून टायटॅनियम वापरावं लागतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेलं पहिलं तेजस उडालं. त्या दिवाळीत मी शिकताना केलेला कार्बनचा एक नमुना काकांच्या हातात दिला. त्यांनी भोकाच्या कडेवर बोट फिरवलं, आधी पुढून, मग मागून.

“ड्रिल बाहेर पडताना मागचे थर सुटत असतील,” ते म्हणाले. “पलीकडून काय धरतेस?”

“ठोकळाच, काका. लाकडाचा.”