गायकाचा नकार

गवयाने गावे, इतर भानगडीत पडू नये, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः गळा हेच ज्याच्या पोटापाण्याचे साधन, तो गायकही कामगारच होय. आणि नको ते काम नाकारणे हा कामगाराचा पहिला हक्क. गायकाने तो बजावला असता काय घडते, याची दोन उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले शेजारचे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की खांडवा येते. तेथे जन्मलेले किशोरकुमार मुंबईत नावारूपास आले. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली, आणि वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी सरकारला चित्रपटसृष्टी राबवून घ्यावयाची होती. किशोरकुमारांनी प्रकृतीचे कारण देऊन अधिकाऱ्याची भेट नाकारली. आकाशवाणी-दूरदर्शनसाठी गाण्याची इच्छा नसल्याचेही कळविले. मे १९७६ मध्ये त्यांची गाणी दोन्ही ठिकाणी तीन महिन्यांसाठी बंद करण्यात आली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची विक्रीही रोखण्याचे ठरले. त्या काळी ही दोन्ही माध्यमे सरकारचीच. तिसरे दार नव्हते. निर्मात्यांचेही धाबे दणाणले. जूनमध्ये किशोरकुमारांनी सहकार्याचे पत्र दिले आणि बंदी उठली. पुढे शहा आयोगापुढे हे प्रकरण उघड झाले, व माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांनी त्याची जबाबदारी स्वीकारली.

या पत्राबद्दल कोणी किशोरकुमारांना भ्याड म्हणू नये. त्याच राजवटीत, १९७५ साली, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला, आणि संघटित कामगारालाही तो तत्काळ रोखता आला नाही. मग एकट्या गायकाची काय कथा!

दुसरे उदाहरण दूरचे. आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर हिने ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाणे संपवताच पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र फाडले. चर्चच्या छत्राखाली मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचा तो निषेध होता. येथे सरकारने काहीच केले नाही. जे केले ते लोकांनी. न्यूयॉर्कमध्ये तिच्या ध्वनिमुद्रिका रोलरखाली चिरडण्यात आल्या. १६ ऑक्टोबरला भर सभागृहात तिची हुर्यो उडविण्यात आली. तेव्हा ठरलेले गाणे बाजूस ठेवून तिने तेच निषेधगीत पुन्हा गाइले. श्रद्धाळूंची मने दुखावली, हे खरेच. तथापि त्या गदारोळात मुलांचा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. २००९ साली आयर्लंडमधील चौकशी अहवालांनी ते अत्याचार जगापुढे मांडले. २०२३ मध्ये ती वारली, तेव्हा तिची थोरवी गाणाऱ्यांची वाण नव्हती.

दोहोंतील भेद ध्यानी घ्यावा. सरकारी बंदीला मुदत असते, हुकमाखाली सही असते. सही करणाऱ्याला उद्या आयोगापुढे उभे करता येते. जमावाच्या बहिष्काराला ना मुदत, ना सही. म्हणून त्याची जबाबदारी आपण प्रत्येकाने आपल्या शिरावर घेतली पाहिजे.

सिंदखेडराजाच्या जिजाऊ जन्मोत्सवात शाहिराच्या डफावर आपण माना डोलावतो. उद्या त्याच शाहिराने न रुचणारे काही गाइले, तर जरूर वाद घाला, उठून जा, दुसऱ्या दिवशी उत्तर द्या. मात्र तो काय म्हणाला ते आधी पुरते ऐका, आणि त्याच्या भाकरीवर हात घालू नका.